पाक किती तारांचा? : गोड-तिखट मिरची, बरणी आणि जयणा

वैशाखाचे ऊन तापू लागले की पुणे, जालना, जळगाव, सोलापूर येथील व्यापारी वस्त्यांच्या गच्च्यांना वेगळेच रूप येते. एका चादरीवर उडदाचे पापड, दुसरीवर खिचिया, कडेला कैरीच्या फोडी, भोकरे आणि केर. आणि मलमलीच्या फडक्याखाली उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. चातुर्मास लागण्यापूर्वी घरातील बरण्या भरून ठेवायच्या, ही या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पावसाळ्यात हिरव्या भाजीचा त्याग करणाऱ्या घरात ताटाची डावी बाजू रिकामी राहू नये, एवढाच त्यामागचा साधा संसारी हेतू.

अशाच एखाद्या घरात हल्ली परदेशातून फोन येतो. ह्यूस्टनला स्थायिक झालेली नात विचारते, “दादीसा, इथे मिरचीच्या चकत्या साखरेच्या पाकात उकळून बाटलीत भरतात. वर्षभर टिकतात म्हणे. आपल्याला चालतील का?”

दादीसा क्षणभर थांबतात आणि उलट विचारतात, “पाक किती तारांचा?”

नातीजवळ उत्तर नसते. मग दुसरा प्रश्न येतो, “आणि मिरची वाळवून घेतली होती का?”

हे दोन प्रश्न वरवर स्वयंपाकाचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांत आहारशास्त्र, अन्नविज्ञान आणि धर्म या तिन्हींचे सार आले आहे. मिरचीचा गोड-तिखट साठा घरी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने, मग ते मार्केटयार्डाजवळ राहणारे असो वा टेक्सासमध्ये, हे दोन प्रश्न नीट समजून घेणे आवश्यक आहे. ते समजले नाहीत तर बिघडते ते केवळ बरणीतील जिन्नस नव्हे. प्रसंगी घरातील माणसांच्या जिवावरही बेतू शकते.

टेक्सासची गोड मिरची

नात ज्या पदार्थाविषयी बोलते, त्याला अमेरिकेत ‘काउबॉय कँडी’ असे गमतीचे नाव आहे. त्यासाठी वापरली जाणारी हालापेन्यो ही जाड सालीची हिरवी मिरची मूळची मेक्सिकोची. तेथील हालापा या शहरावरून तिला नाव मिळाले. १९९५ साली टेक्सासने तिला आपल्या राज्याची अधिकृत मिरची म्हणून मान दिला. तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल मापावर ती साधारणपणे २,५०० ते ८,००० या पट्ट्यात बसते. म्हणजे आपल्या लवंगी मिरचीच्या मानाने सौम्यच.

तेथील प्रचलित कृती अशी : मिरचीच्या गोल चकत्या कापायच्या, सफरचंदाचा सिरका, भरपूर साखर, हळद, सेलरीचे बी, लाल तिखट आणि लसणाची पूड एकत्र उकळायची, चकत्या त्यात काही मिनिटे शिजवायच्या, त्या काचेच्या बरण्यांत भरून वरून दाटवलेला पाक ओतायचा आणि झाकण लावलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून हवाबंद करायच्या. चव खरोखरच मोहक असते. प्रथम गोडवा, मागाहून आंबटपणा आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा तिखटपणा.

जैन स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर मात ही कृती तीन ठिकाणी अडते. लसणाची पूड अर्थातच वर्ज्य. सिरका हा दोनदा आंबवून तयार होतो, रसातील साखरेचे आधी मद्य आणि मग मद्याचे आम्ल. त्यामुळे अनेक घरांत तो चालत नाही. आणि तिसरी अडचण सर्वांत मोठी : मिरची ओली आहे आणि ती ओलीच बरणीत जाते. हळदीचा प्रश्न येत नाही, कारण ती वाळवलेली असते. ओली हळद वर्ज्य मानणारी घरेही वाळलेली हळद आणि सुंठ वापरतात. ओले आणि वाळलेले यांतील हा भेदच या विषयाचा गाभा आहे.

मिरचीच्या आधीचे शास्त्र

हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्र’ रचले. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात श्रावकाने काय खाऊ नये याचा विस्तृत विचार आहे आणि त्यात जीवयुक्त झालेल्या संधानाचा, म्हणजे मुरवलेल्या, साठवलेल्या लोणच्यासारख्या पदार्थांचाही समावेश होतो. त्या काळी हिंदुस्थानात तिखट म्हणजे मिरे आणि पिंपळी. मिरची येथे आली ती पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. म्हणजे ज्या मिरचीला आज आपण घरचीच समजतो, तिच्यासाठी आचार्यांनी नाव घेऊन नियम सांगितलेला असणे शक्यच नव्हते. त्यांनी सांगितले ते तत्त्व, आणि तत्त्व असल्यामुळेच ते नंतर आलेल्या फळालाही लागू पडले.

श्वेतांबर परंपरेत बावीस अभक्ष्यांमध्ये ‘बोळ अथाणे’ गणले जाते. ज्या अथाण्यात पाण्याचा अंश राहिला आहे, ते बोळ. अनेक घरांत पाळली जाणारी रीत अशी की कैरी-लिंबासारख्या आंबट रसाचे ओले अथाणे तीन दिवसांत संपवावे आणि ज्यात आंबटपणा नाही ते दुसऱ्या दिवसावर जाऊ देऊ नये. जो जिन्नस उन्हात बांगडीसारखा कडक वाळला आहे, एकमेकांवर आपटला तर खडखडतो, तोच पुढे टिकवण्यास योग्य. मुरांब्याचा पाक तीनतारी हवा, ही अटही याच विचारातून आलेली. आणि एवढे सर्व करूनही रंग, वास, चव वा स्पर्श बदलला की तो पदार्थ ‘चलितरस’ झाला; मग त्याची मर्यादा किती दिवसांची होती हा प्रश्नच उरत नाही.

दिगंबर परंपरेत शुद्धीचा चौका सांभाळणाऱ्या घरांत ही मर्यादा याहून कडक आहे. तेथे अथाणे वा मुरांबा चोवीस तासांपलीकडे चालत नाही. हिरव्या मिरचीपासून केलेला साठवणीचा पदार्थ अष्टमी-चतुर्दशीला घ्यावा की नाही, याविषयीही घराघरांत वेगळा नियम असतो. ज्या घरी जो नियम घेतला आहे, तो तेथील गुरुभगवंतांना विचारूनच ठरवावा, हे उत्तम.

आधुनिक वाचकाला या रीतीत एक गोष्ट विशेष जाणवेल. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या काळात आपल्या पूर्वजांनी तीन गोष्टींवर बोट ठेवले होते : पाणी, आंबटपणा आणि काळ. आजचे अन्नविज्ञानही साठवणुकीचा विचार करताना नेमक्या याच तीन गोष्टी प्रथम मोजते.

पाण्याचा हिशेब

कोणताही पदार्थ बिघडतो तो त्यातील सूक्ष्म जीवांच्या वाढीमुळे आणि त्यांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. ताज्या मिरचीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. उन्हात खडखडीत वाळली की तिचे वजन सुमारे दहाव्या हिश्शावर येते. राहिलेल्या अल्पशा पाण्याला साखर धरून ठेवते. पाक जितका दाट, तितके सूक्ष्म जीवांच्या वाट्याचे पाणी कमी.

पाकाची तार हे या दाटपणाचेच घरगुती मोजमाप. पाक उकळत असताना त्यातील पाणी घटते आणि उकळण्याचे तापमान चढत जाते. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावी १०५ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या पाकात साखरेचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या जवळ असते. ११२ अंशाला ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोहोचते. एकतारी पाकात गुलाबजाम मुरतात, परंतु तो महिनोन्‌महिने टिकण्याच्या कामाचा नाही. तीनतारी पाक मात्र इतका दाट असतो की सामान्य बुरशीलाही त्यात पाय रोवणे अवघड जाते. दादीसांनी पहिलाच प्रश्न तारेचा का विचारला, ते यावरून ध्यानात येईल.

वाळवून केलेली पाकातली मिरची

ही कृती उन्हाळ्याचीच. एक किलो जाड, कमी तिखट मिरची घ्यावी, भावनगरी उत्तम. मिरच्या गाळलेल्या पाण्याने धुऊन कोरड्या पंच्याने पुसाव्यात आणि तासभर सावलीत पसरून पूर्ण कोऱ्या कराव्यात. त्यानंतर प्रत्येक मिरची उभी चिरून आतून नीट पाहावी. अळी बहुधा देठाजवळ दडलेली असते. गोल चकत्या कापण्याच्या घाईत ती दिसत नाही. म्हणून आधी उभा छेद आणि मग तुकडे, हा क्रम सोडू नये. बिया आणि आतील पांढऱ्या शिरा काढून टाकाव्यात. तिखटपणा मुख्यत्वे या शिरांतच असतो. बियांना तो त्यांच्या सान्निध्याने लागतो. हे काम करताना हातांना तेल चोळावे किंवा हातमोजे घालावेत.

बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांना दोन चमचे मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून दोन तास ठेवावे. सुटलेले पाणी निथळून टाकावे आणि तुकडे स्वच्छ कापडावर एकेरी पसरून कडक उन्हात ठेवावेत. वरून मलमल झाकावी, म्हणजे माशी-मुंगी अडकून मरणार नाही. सूर्यास्तापूर्वी वाळवण घरात घ्यावे, कारण रात्रीचा दमटपणा दिवसभराचे ऊन फुकट घालवतो. तीन-चार दिवसांत तुकडे बांगडीसारखे वाजू लागले पाहिजेत. एखादा तुकडा वाकला पण मोडला नाही, तर त्यात पाणी आहे असे समजावे आणि आणखी एक ऊन द्यावे.

आता जाड बुडाच्या पातेल्यात तीनशे ग्रॅम साखर आणि शंभर मिलिलिटर पाणी घेऊन मंद आचेवर ठेवावे. साखर विरघळताच चमचाभर लिंबाचा रस घालावा. त्यामुळे पाक एकदम फुटून त्याची रवाळ साखर होत नाही. वर आलेली मळी काढून टाकावी. पाकाचा थेंब थंड बशीत घ्यावा, क्षणभर निवू द्यावा आणि अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून बोटे विलग करावीत. तीन स्पष्ट तारा दिसल्या की वाळलेले तुकडे घालून तीन-चार मिनिटे मंद आचेवर परतावे. खाली उतरवल्यावर दोन चमचे भाजून भरडलेली बडीशेप, अर्धा चमचा मिरपूड, अर्धा चमचा सुंठपूड आणि थोडी वेलचीपूड घालावी. निवल्यावर पाक घट्ट होऊन तुकड्यांवर साखरेचा पापुद्रा चढतो आणि मिरची बाहेरून गोड, आतून तिखट अशी चिवट-कुरकुरीत लागते.

बरणी धुऊन उन्हात तापवलेली, पूर्ण कोरडी हवी. पदार्थ पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नये. वाफेचा एक थेंबही झाकणावरून खाली पडला की तेवढ्या जागी पाक पातळ होतो आणि बुरशी धरते ती नेमकी तेथेच. पावसाळ्यात साखर हवेतील ओल ओढून घेते. म्हणून मोठ्या बरणीला दादरा बांधून ती उंचावर ठेवावी आणि रोजच्या वापरापुरते लहान बाटलीत काढावे. चमचा कोरडा असावा, हे तर सांगायलाच नको.

बंद बरणीतला न दिसणारा शत्रू

आता त्या दुसऱ्या पद्धतीकडे वळू. ओली मिरची काचेच्या बरणीत भरून हवाबंद करण्याची कल्पना फ्रान्समध्ये निकोलस अपेर याने रूढ केली. त्याचे पुस्तक १८१० साली प्रसिद्ध झाले. तापवून बंद केलेले अन्न का टिकते, हे मात्र त्याला स्वतःला ठाऊक नव्हते. ते कोडे पुढे लुई पाश्चरच्या संशोधनाने उलगडले.

हवा बाहेर ठेवली की बुरशी अडते, हे खरे. परंतु एक जिवाणू असा आहे की त्याला हवा नसलेलीच जागा हवी असते. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम. त्याचे बीजाणू मातीत असतात आणि मातीतून भाजीवर येतात. साध्या उकळत्या पाण्याने ते मरत नाहीत; त्यांना नष्ट करण्यासाठी दाबाखालील वाफेचे सुमारे १२१ अंश तापमान लागते. बंद, ओल्या आणि आंबट नसलेल्या बरणीत ते रुजले की जे विष तयार होते, ते मज्जातंतूंवर आघात करते : दृष्टी दुहेरी होते, जीभ जड होते आणि अखेरीस श्वास घेणारे स्नायू निकामी होतात.

१९७७ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील पाँटियॅक या शहरात एका उपाहारगृहात जेवलेल्या ५९ जणांना या विषाची बाधा झाली. शोध घेता कारण सापडले ते घरगुती रीतीने, अयोग्य प्रकारे बरणीबंद केलेल्या हालापेन्यो मिरच्यांत. ज्या मिरचीविषयी नात फोनवर विचारते, तीच ही मिरची.

येथे एक गोष्ट गांभीर्याने लक्षात घ्यावी. चलितरसाची आपली कसोटी रंग, वास, चव आणि स्पर्श यांची आहे. उघड्या हवेतील, दादरा बांधलेल्या बरणीसाठी ती अचूक आहे, कारण तेथील बिघाड डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो. हवाबंद बरणीतील हे विष मात्र कधी कधी कोणतीच खूण दाखवत नाही. ‘चाखून पाहू आणि मग ठरवू’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा सवयीचा उपाय येथे घातक आहे. तेथे कसोटी लागते ती बरणी भरण्यापूर्वी, भरल्यानंतर नव्हे.

लिंबाच्या आधाराने

या जिवाणूला रोखणारी वस्तू म्हणजे आंबटपणा. आम्लता मोजण्याचे सामू नावाचे माप आहे. सामू जितका कमी, तितका पदार्थ आंबट. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर बोटुलिनमचे बीजाणू रुजत नाहीत. ताजी मिरची या रेषेच्या वर असते, म्हणून ओल्या मिरचीच्या बरणीत आम्ल पुरेसे घालावेच लागते. अमेरिकन कृतीतील पाच टक्के आम्लतेचा सिरका चवीसाठी असतो तसा संरक्षणासाठीही असतो. तो कमी केला तर गोडवा वाढेल, पण कवच जाईल.

सिरका न वापरणाऱ्या जैन गृहिणीसाठी येथे समाधानाची बाब आहे. सिरक्याच्या जागी तेवढ्याच मापाने बाटलीतील लिंबाचा रस वापरता येतो, कारण तो सिरक्याहून अधिक आंबट असतो. याउलट, लिंबूरसाच्या कृतीत सिरका घालू नये, असे तेथील अन्नतज्ज्ञ सांगतात. ताज्या लिंबाची आम्लता झाडागणिक आणि हंगामागणिक बदलते. म्हणून फ्रीजबाहेर ठेवायच्या बरणीसाठी ठरावीक आम्लतेचा बाटलीतील रसच घ्यावा. ‘लिंबूसत्त्व’ म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड घालून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु नाव लिंबाचे असले तरी आज बाजारात येणारे हे द्रव्य बहुतांशी साखरेवर विशिष्ट बुरशी वाढवून तयार केले जाते. ज्यांना आंबवलेला सिरका चालत नाही, त्यांनी हेही विचारात घ्यावे.

प्रमाण असे : सुमारे सातशे ग्रॅम जाड हिरव्या मिरच्या, सहाशे ग्रॅम साखर, २४० मिलिलिटर बाटलीतील लिंबूरस, पाव चमचा हळद, पाव चमचा अजमोदा आणि अर्धा चमचा लाल तिखट. मिरच्या उभ्या चिरून, तपासून मगच त्यांचे तुकडे करावेत. रस, साखर व मसाला पाच मिनिटे उकळावा. मिरची घालून चार मिनिटे मंद शिजवावी. तुकडे झाऱ्याने काढून गरम बरण्यांत भरावेत. पाक आणखी सहा मिनिटे उकळून वर ओतावा आणि काठाखाली अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी अधिक जागा मोकळी ठेवावी. मिरची कमी घेतली तर चालेल. रस कमी करू नये.

अशी बरणी फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवणे, हा घरगुती वापराचा सर्वांत निर्धोक मार्ग. ज्यांना ती बाहेर ठेवायची आहे त्यांनी दोन भागांच्या नव्या झाकणांच्या बरण्या आणि चाचणी झालेली कृतीच वापरावी. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातील घरगुती अन्नसाठवणुकीचे राष्ट्रीय केंद्र अशा कृती प्रसिद्ध करते. बरण्या पाण्यात इंचभर बुडतील अशा ठेवून उकळायच्या असतात. आंबट मिरचीच्या लहान बरण्यांसाठी समुद्रसपाटीजवळ हा वेळ दहा मिनिटांचा. हजार फुटांहून उंच ठिकाणी पंधरा मिनिटांचा. पुणे, नाशिक, कोल्हापूर ही शहरे पाचशे मीटरांहून उंच आहेत. तेथे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते; म्हणून ह्यूस्टनची दहा मिनिटे पुण्यात पुरत नाहीत. आपला नेहमीचा प्रेशर कुकर या कामासाठी केलेला नाही आणि जॅमच्या जुन्या बाटल्यांची झाकणे पुन्हा हवाबंद बसतीलच असा भरवसा नसतो.

दोन वाटा, मधली पायवाट नाही

या दोन रीतींची भेसळ करू नये. पहिली रीत पाणी काढून टाकते. तिला आंबटपणाची फारशी गरज नाही. दुसरी रीत पाणी राहू देते. म्हणून तिचा सारा भार आम्लावर आणि उष्णतेवर असतो. एक दिवस ऊन दिलेली अर्धवट वाळलेली मिरची, चवीपुरते लिंबू, एकतारी पाक आणि वर घट्ट झाकण, असा मध्यममार्ग कोणी काढला तर दोन्हींचे संरक्षण हातचे जाते. आजींच्या रीतीतील ऊन टाळायचे आणि अमेरिकन रीतीतील आम्ल कमी करायचे, ही काटकसर अंगाशी येते.

आणखी एक भेद प्रामाणिकपणे मान्य करावा लागतो. विज्ञानाने सुरक्षित ठरवलेली बरणी धर्माच्या दृष्टीने ग्राह्य असेलच असे नाही. लिंबाच्या रसातील ओली मिरची प्रकृतीला बाधणार नाही. परंतु बोळ अथाण्याचा नियम घेतलेल्या श्रावकाला ती काही दिवसांनंतर चालणार नाही. सुरक्षितता हा एक प्रश्न, भक्ष्याभक्ष्य हा दुसरा. आणि घरातील अन्नाला दोन्हींची उत्तरे द्यावी लागतात.

‘जैन’ या शब्दाची किंमत

आपल्या समाजातील अनेक भगिनी खाकरे, मसाले, अथाणी घरी करून विकतात आणि त्या व्यवसायाला घरच्या व्यापारी शिस्तीची जोड मिळते. पाकातली मिरची या यादीत सहज शोभेल. मात्र विक्री करायची तर लहान प्रमाणावरही अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे आणि बाटलीवर घटक, निर्मितीची तारीख व वापराची मुदत लिहिणे हे ग्राहकाचे देणे आहे. वेष्टनावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो; त्यात लसूण आहे का, सिरका आहे का, मिरची वाळवली होती का, हे तो सांगत नाही.

बाटलीवर ‘जैन’ हा शब्द छापला की ग्राहक या सर्व प्रश्नांची उत्तरे मिळाली असे गृहीत धरतो. तपस्या करणारी एखादी वृद्ध श्राविका त्या एका शब्दाच्या भरवशावर घास घेते. म्हणून ‘वाळवलेली मिरची, तीनतारी पाक’ किंवा ‘ओली मिरची, लिंबूरस’ असे स्पष्ट लिहिणे हाच सचोटीचा व्यवहार. ज्या घरात रोजमेळ एका रुपयाने चुकला तरी दिवा मालवत नसे, त्या घराला हे नवीन नाही.

घरच्या बरणीसाठीही एक लहानशी वही असावी. कोणत्या तारखेला केली, किती उन्हे दिली, पाक किती तारांचा, केव्हा उघडली, एवढ्या चार नोंदी पुरेत. वर्षाअखेर कोणती बरणी टिकली आणि कोणती परठवावी लागली, हे त्या वहीतूनच कळते; आणि पुढच्या वैशाखात अंदाजाने काही करावे लागत नाही. जयणा म्हणजे नुसते घाबरून टाळणे नव्हे. जाणून, पाहून, मोजून करणे म्हणजे जयणा. मिरची उभी चिरून पाहणारा हात आणि बरणी उकळताना घड्याळ पाहणारा डोळा, दोघेही तीच जयणा पाळत असतात.

फोनवर नात सारे ऐकून घेते. टेक्सासचा उन्हाळाही कडक असतो. आपल्या अंगणात मलमल टाकून मिरची वाळवून पाहीन, असे म्हणते. आणि तोवर लिंबाची एक लहान बरणी फ्रीजमध्ये, मुलांसाठी. दादीसांना ते पटते. फोन ठेवता ठेवता त्या तिसरा प्रश्न विचारतात :

“बेटा, बरणीवर तारीख घातलीस ना?”